सैल सोडायचा सराव

(मंडईजवळचं काष्ठौषधींचं दुकान)

सातवा महिना लागला की पुण्यातल्या घरांत डिंक, खारीक, बाळंतशेपा यांची यादी होते. डोहाळजेवणाचा हॉल ठरतो. ज्या शरीराला कळा सोसायच्या, त्याचा सराव मात्र राहून जातो.

(भिंतीला पाठ टेकून बसलेली गरोदर बाई)

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. लघवी रोखताना आवळतो ते हे स्नायू. ५ सेकंद आवळायचे, १० सेकंद पूर्ण सोडायचे. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. हा व्यायाम लघवी करताना करू नये, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. बहुतेक जणी आवळण्यावर भर देतात आणि सोडण्याचे सेकंद गिळतात. बाळ बाहेर येताना तर हेच स्नायू सैल पडून ताणले जायला हवेत.

मॉडेल कॉलनीत १९७५पासून अय्यंगार योगसंस्था आहे, त्यामुळे लोड-पट्टे घेऊन आसन करणं पुणेकरांना नवं नाही. बद्धकोणासनात बुडाखाली जाड घडी घ्या, पायांचे तळवे एकमेकांना जुळवा. गुडघे हातांनी खाली दाबू नका. गरोदरपणात सांधे आधीच सैल झालेले असतात. जांघेच्या मधल्या हाडात दुखलं तर आसन तिथेच थांबवा.

(मुठीत बर्फाचा खडा)

कळ जोरात येते तेव्हा साधारण मिनिटभर टिकते. नाकाने ४ अंकांपर्यंत श्वास घ्या, तोंडाने ७ अंकांपर्यंत सोडा. अशा पाच-सहा श्वासांत कळ सरते. सरावासाठी मुठीत बर्फ धरा आणि मिनिटभर फक्त उच्छ्वासाकडे लक्ष द्या. खांदे वर चढतील, दात आवळले जातील. ते पुन्हा पुन्हा सोडायचे. भराभर धापा टाकल्या की हातापायांना मुंग्या येतात आणि घाबरायला होतं. नवऱ्यानेही हे शिकून घ्यावं, कारण ऐन कळेत आकडे मोजणं तिला जमेलच असं नाही. मात्र प्रसूतीच्या खोलीत सोबतीला कुणाला येऊ देतात का, ते दवाखान्यात आधीच विचारून ठेवा.

पहिलटकरणीने कळा ५ मिनिटांच्या अंतराने, प्रत्येकी मिनिटभर, अशा तासभर आल्या की निघावं. संध्याकाळी हिंजवडीहून शहरात यायचं असेल, तर रहदारीचा वेळ यात धरलेला नाही! पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न पाहता निघा.

(बाळंतिणीची खोली)

सव्वा महिना विश्रांतीची आपली रीत उत्तम आहे. तिच्यातल्या काही गोष्टी मात्र सोडायला हव्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बाळंतीण-बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. धुरीचा धूर बाळाच्या फुप्फुसांत जातो. शेकायचंच असेल, तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून घ्या. पोट करकचून बांधलं, तर दाब खाली, त्या थकलेल्या स्नायूंवर येतो. बांधायचं तर हात सहज आत जाईल इतकंच. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत काही घरांत अजून आहे; त्याने मलावरोध होतो आणि टाके ताणले जातात.

आळिवाची खीर, डिंकाचे लाडू खुशाल द्या, पण त्यांच्या भरवशावर लोहाच्या गोळ्या बंद करू नका. त्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. चहासोबत नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही, दोन्हींमुळे लोह कमी शोषलं जातं.

अंगावरून जाणं सुरुवातीला लाल, मग तपकिरी, शेवटी पिवळसर होत चार ते सहा आठवड्यांत थांबतं. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. ताप आला, स्रावाला घाण वास आला किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांनंतरही ते ओसरलं नाही, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप लागत नसेल, तर ‘बाळंतिणीचं असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. फोन सासूबाईंनी लावला तरी चालतो. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार तिच्या बोलण्यात आले, तर तिला एकटी न ठेवता लगेच रुग्णालयात न्या.