दहा मीटरचा दोर आणि वाटेवरची माणसं

(कोल्हापुरातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार. विषय जाहीर झाल्यापासून मला दोन प्रश्न विचारले जातायत. पहिला, कुत्रं आणणार काय? नाही आणलं. इतक्या माणसांत, खुर्च्या सरकवण्याच्या आवाजात हरणीला बसवून ठेवणं म्हणजे तिचे हाल. दुसरा प्रश्न, कुत्र्याच्या दोरावर बोलण्यासारखं असं काय आहे? माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगते. कुत्रं फिरवणाऱ्याला रस्त्यात कुणी अनोळखी माणूस टाकून बोलला, की ते बोलणं त्याच्या कानाशी थांबत नाही. ते मुठीत उतरतं, मुठीतून दोरात जातं आणि दोरातून कुत्र्याच्या अंगात. बोलणारा निघून जातो, बोलून घेणारा घरी जाऊन विसरतो. कुत्रं विसरत नाही.

हरणी कारवान जातीची आहे. आपल्याकडं कारवानी म्हणतात, सीमेपलीकडं कर्नाटकात मुधोळ. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागात शेतावर, धनगराच्या वाड्यावर ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुधोळच्या घोरपडे राजांनी ती जपली, आणि टपाल खात्यानं २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळचाही मान होता. हे कुत्रं नजरेवर शिकार करणारं. लांब टांगा, खोल छाती, बारीक पोट. माळावर ससा उठला की मालकाची हाक त्याच्या कानात शिरतच नाही. हा हट्ट नव्हे; शेकडो वर्षं निवड करून माणसानंच त्याला असं घडवलंय. म्हणून हरणीला उघड्यावर मोकळं सोडता येत नाही. आणि दोन हाताच्या पट्ट्यावर जन्मभर चालवणं हेही तिच्या पायांवर अन्याय करण्यासारखंच.

यातून वाट निघते ती लांब दोराची. माझा दोर दहा मीटरचा आहे. पाच मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत मिळतात. पलंगाची नवार असते तशी सुती पट्टी चालते, पण ती पावसात पाणी पिऊन जड होते आणि आपल्या चिखलात तर विचारू नका. प्लास्टिकचा थर दिलेली पट्टी पुसली की स्वच्छ. रंग भडक घ्या, नारिंगी किंवा पिवळा, म्हणजे सायकलवाल्याला लांबून दिसतो. बटण दाबलं की गुंडाळली जाते ती डबीतली बारीक दोरी मात्र घेऊ नका. ती कुत्र्याला कायम ताणात ठेवते आणि बोटाला गुंडाळली गेली तर बोट कापते.

दोर गळ्यातल्या पट्ट्याला कधीही अडकवायचा नाही. छातीवरून जाणारा हार्नेस घालायचा आणि पाठीवरच्या कडीला दोर लावायचा. साधा हिशेब करू. वीस-बावीस किलोचं कुत्रं ताशी तीस किलोमीटरनं पळालं तर एका सेकंदात आठ मीटरच्या वर जातं. म्हणजे दहा मीटर दोर सव्वा सेकंदात संपला. त्या टोकाला बसणारा हिसका मानेवर आला तर काय होईल? तिथं श्वासनलिका आहे, नसा आहेत, थायरॉइडची गाठ आहे. गळपट्ट्यावर ओढ बसली की कुत्र्याच्या डोळ्यांतला दाबसुद्धा वाढतो आणि हार्नेसवर तसा वाढत नाही, असं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवलंय. शिवाय कारवानीचं डोकं मानेपेक्षा फार मोठं नसतं, मागं सरकलं की पट्ट्यातून अलगद बाहेर.

हातात दोर धरायचा तो घड्या घालून, तळव्यावर आडवा. मनगटाला, बोटांना वेढा कधीच द्यायचा नाही. हातमोजे घाला, कारण सरकता दोर कातडी सोलून काढतो. आणि कुत्र्याला वेग घेऊच द्यायचा नाही. त्याचे कान उभे राहिले, मान ताठ झाली, की तिथंच दोन घड्या आत घ्यायच्या. कळंब्याच्या बाजूला एक शेतकरी मामा भेटतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, "पोरी, कुत्र्याला कासरा लावलास की!" बाकी सगळ्यांच्या शेऱ्यांत मला हाच सगळ्यात नेमका वाटतो. चांगला औतकरी कासरा ताणून धरत नाही. तो सैल असतो, तरी बैलाला कळतं आपला माणूस मागं आहे.

बाकीचे शेरे तुम्हाला ठाऊक असतील. "एवढा दोर कशाला, पतंग उडवताय काय?" "सोडा की ओ मोकळं, बिचारं पळू दे." दहा पावलं पुढं गेलं की दुसरा: "आखूड धरा, चावलं म्हंजे?" आणि तिसरा: "मालक कोन हाय ते दावा त्याला, एक हिसका द्या, नीट चालतंय." एकाच फेरीत तिन्ही ऐकायला मिळतात. बाई असेल तर चौथं येतं, "तुमच्यानं आवरत न्हाई, घरात कुनी बापय न्हाई व्हय?" हे काळजीपोटी नसतं, हे मी स्पष्टच सांगते.

पण भीतीला मी या यादीत धरत नाही. भिणाऱ्याचा हक्क माझ्या कुत्र्याच्या हौसेच्या आधी येतो. आपल्या शहरात कुत्रं चावलेलं माणूस गल्लीगल्लीत आहे. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि ही गोष्ट प्रत्येक आईला माहीत असते. हरणीला दरवर्षी लस दिली जाते, पण समोरून येणाऱ्या बाईला ते कसं कळणार? म्हणून तिनं म्हणायची वाट बघायची नाही. एक सकाळ सांगते. तपोवनाच्या मैदानाच्या कडेनं एक आजी नातवाचा हात धरून येत होत्या. पोरानं कुत्रं बघितलं आणि आजीच्या पदरामागं गेलं. मी थांबले, दोर घडी-घडीनं आत घेतला, शेवटच्या हातभर दोरावर पाय ठेवला आणि हरणीला माझ्या पलीकडच्या अंगाला घेतलं. खिशातले फुटाणे खाली गवतात टाकले. ती नाक खाली घालून ते शोधायला लागली, म्हणजे तिची नजर पोरावर राहिली नाही. मी म्हटलं, "आजी, धरलंय मी. जावा निवांत." आजी गेल्या. जाताना पोरानं मागं वळून बघितलं आणि विचारलं, "ते काय खातंय?" यात वाद कुठं आला? दोर आखूड झाला, पण हिसका न बसता झाला.

तोच प्रसंग दुसऱ्या पद्धतीनं घडलेला मी कितीदा तरी पाहिलाय. कुणी ओरडतं, "ए, धरा त्याला!" फिरवणारा ओशाळतो. चार माणसं बघतायत म्हणून जोरात हिसका देतो, वर कुत्र्याला एक रट्टा. कुत्र्याच्या बाजूनं बघा. ते आपलं गवत हुंगत होतं. समोरून माणूस आला आणि गळ्याला कळ आली. पावलोव या रशियन शास्त्रज्ञानं दाखवलं होतं की अन्नाआधी रोज घंटा वाजवली की पुढं नुसत्या घंटेनंच कुत्र्याला लाळ सुटते. हिसका रोज बसला की तेच इथं माणूस आणि वेदना यांच्याबाबतीत घडतं. अनोळखी माणूस दिसला की कुत्रं आधीच गुरगुरायला लागतं. मग लोक म्हणतात, बघा, कुत्रं मारकं आहे. ते मारकं झालं ते आपण लाजेपोटी दिलेल्या हिसक्यांनी. मला यातलं सगळ्यात जास्त दुःख याचंच होतं.

"मालक कोण ते दाखवा" या सल्ल्याला आधार कसला आहे तेही सांगायला हवं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं, तिथून कळपाच्या म्होरक्याची कल्पना पसरली, आणि मालकानंही कुत्र्याचा म्होरक्या होऊन त्याला दाबात ठेवावं असं लोक म्हणू लागले. पुढं लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की रानातला कळप बहुतेक वेळा म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तिथं रोज उठून सत्तेची मारामारी नसते. रस्त्यातला माणूस हे ऐकायला थांबणार नाही, मीही त्याला ते सांगत बसत नाही. "बरं दादा" म्हणते आणि चालू लागते. हात मात्र सैल ठेवते. त्याला पटवणं हे माझं काम नाही, हरणीला सांभाळणं हे आहे.

मोकळं सोडा म्हणणाऱ्यांशी मात्र मी थांबून बोलते, कारण त्यांच्या मनात माया असते. त्यांना सांगते की माळावर आपण एकटे नसतो. मार्च ते ऑगस्ट टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. पळत्या कुत्र्याला ती दिसतही नाहीत. धनगराची मेंढरं असतात, त्यांत गाभण असतात. एक कारवानी आत घुसली तर काय होईल ते त्या धनगराला विचारा. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, कुत्र्याकडून करवली तरी. आणि मोकळं म्हणजे नुसतं पळणं नाही. दहा मीटरच्या आत हरणी स्वतःची वाट स्वतः ठरवते. एका बाभळीच्या बुडाशी पाच मिनिटं हुंगते, मी उभी राहते. शार्लट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन आठवडे काही कुत्र्यांना रोज वासाचे खेळ दिले, काहींना नुसतं पायाशी चालवलं. मग अशा जागी वाटी ठेवली की आत खाऊ आहे की नाही याचा अंदाज लागू नये. वास घ्यायला मिळालेली कुत्री त्या वाटीकडं आधीपेक्षा लवकर गेली, म्हणजे चांगलं काही मिळेल या आशेनं गेली. हे वाचल्यापासून मी हरणीला "चल, चल" म्हणून ओढत नाही.

आता थोडं कायद्याचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या जनावरापासून दुसऱ्याला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून रंकाळ्यावर सकाळच्या गर्दीत मी लांब दोर वापरत नाही, तिथं आखूडच. पण दुसरी बाजूही कायद्यात आहे, ती कुणी सांगत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११: अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं ही क्रूरता, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हीसुद्धा क्रूरता. आपल्या आसपास किती गोठ्यांत, किती गेटांशी कुत्री हातभर साखळीवर आयुष्य काढतायत बघा. त्यांच्या मालकाला येता-जाता कुणी टोकत नाही, कारण ती कुत्री कुणाच्या वाटेत येत नाहीत. जो पहाटे उठून कुत्रं बाहेर काढतो तोच सगळ्यांचं ऐकून घेतो. तुमच्यापैकी ज्यांना रस्त्यावर बोलावंसं वाटतं, त्यांनी आधी त्या साखळीच्या मालकाशी बोलावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि लहान मुलांना एवढं शिकवा: हात लावायचा तर आधी फिरवणाऱ्याला विचारायचं, तो "नको" म्हणाला तर नाही, आणि कुत्र्याच्या तोंडावर वाकायचं नाही. "हात लावू का?" असं विचारणारी पोरं मला हल्ली भेटतात. हरणीचा मूड नसला तर मी नको सांगते आणि ती पोरं ऐकतात.

मागच्या टेबलावर तीन प्रकारचे दोर ठेवलेत, हातमोजेही आहेत. घड्या कशा घालायच्या ते मी दाखवते. दुसऱ्या कुणाला तरी टोक धरून पळायला सांगा, म्हणजे सव्वा सेकंद किती लवकर संपतो ते हाताला कळेल. त्या आधी प्रश्न असतील तर विचारा.