पाणी जाईल की तुंबेल? दुर्बिणीला विचारा

[दृश्य: पांझरेचा काठ, जुना दगडी बंधारा, पाटातलं वाहतं पाणी]

साक्री-धुळ्याकडचे फड बंधारे कित्येक पिढ्यांचे. इथं मोटर लागत नाही, वीज लागत नाही. नदी अडवायची, पाणी पाटात घ्यायचं, पुढचं काम उतार करतो. उतार जास्त झाला तर पाट माती खरवडून नेतो, कमी झाला तर गाळ धरतो. आणि मधेच चार बोटं उंचवटा राहिला, तर टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचा हंगाम गेला म्हणून समजा.

ही चार बोटं नुसत्या नजरेला दिसत नाहीत. दोन हजाराला एक उताराचा पाट धरला, तर शंभर मीटरमागे जमीन फक्त 5 सेंटिमीटर उतरते. तापीकाठच्या काळ्या रानात उभं राहून एवढा फरक कुणी ओळखून दाखवावा! मागं सातपुडा उभा असला की समोरचं सगळं सपाटच वाटतं.

[दृश्य: शेताच्या धुऱ्यावर स्टँड रोवला जातो, त्यावर यंत्र बसतं]

ही ऑटो लेव्हल. गावात हिला दुर्बीणच म्हणतात. हिचं काम एकच: डोळ्यासमोर एक अगदी आडवी रेषा धरायची.

1832 साली विल्यम ग्रॅव्हॅट या इंग्रज इंजिनिअरनं डंपी लेव्हल घडवली. त्या दुर्बिणीला लांब नळीतला बुडबुडा असायचा, आणि तो बरोबर मध्यावर आणण्यात माणसाचा जीव जायचा. त्यातून स्टाफ, म्हणजे समोर उभी धरलेली आकड्यांची पट्टी, उलटा दिसायचा, आकडेही उलटेच वाचायची सवय लागायची. मग 1950 च्या सुमारास झाइस कंपनीची एनआय-टू आली. तिच्या पोटात बारीक तारांना लोलक टांगलेला असतो. यंत्र किंचित कललं तरी गुरुत्वाकर्षणानं हा लोलक स्वतःच सावरतो आणि नजरेची रेषा आडवीच राहते. फक्त गोल डबीतला बुडबुडा वर्तुळात आणून द्यायचा. मोजमापाच्या यंत्रांत इतकी देखणी युक्ती क्वचितच सापडते.

[दृश्य: दुर्बिणीतून दिसणारा स्टाफ, काळे-लाल आकडे, आडवी तार]

आता दुर्बिणीला डोळा लावू. आधी दुर्बिणीतली आडवी तार ठळक करून घ्यायची, मग स्टाफ स्पष्ट करायचा. शाळेच्या ओट्यावर रंगानं खूण केली आहे, हा आपला बेंचमार्क. त्याची पातळी 100 मीटर धरू. तिथं स्टाफ 1.435 दाखवतो, म्हणजे आपली आडवी रेषा 101.435 वर आहे. आता स्टाफवाला नाल्याच्या काठावर जातो. तिथं आकडा येतो 1.810. रेषेतून वजा करा: 99.625. काठ ओट्यापेक्षा साडेसदतीस सेंटिमीटर खाली. सगळी विद्या या बेरीज-वजाबाकीत आहे. मात्र आकडा वाढला की जमीन खाली गेली, हे नव्या पोराच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो.

"सरळ धर रे भो!" ही हाक दिवसभर ऐकू येते. स्टाफ जरा तिरका झाला की आकडा वाढतो. म्हणून जाणता माणूस स्टाफ हळूच पुढं-मागं झुलवायला सांगतो आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा टिपतो. स्टाफ धरणाऱ्याच्या हातावर पुढचा सगळा हिशेब उभा असतो. त्याला फक्त काठी धरणारा म्हणणं मला पटत नाही.

[दृश्य: मे महिन्याची दुपार, रानावर थरथरणारी हवा]

खान्देशातलं ऊन इथं आडवं येतं. तापलेल्या काळ्या मातीवर हवा लहरते, दुर्बिणीत आकडे नाचायला लागतात. तेव्हा काम सकाळी लवकर उरकावं, आणि नजरेची रेषा जमिनीला घासून जाऊ देऊ नये. मागचा आणि पुढचा स्टाफ यंत्रापासून सारख्या अंतरावर ठेवला, तर रेषेत असलेली चूक दोन्हीकडे तेवढीच पडते आणि वजाबाकीत उडून जाते.

आपण ओट्याला 100 म्हटलं ते सोयीपुरतं. देशाच्या नकाशावरची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात. ती सपाटी मुंबईसह नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून काढली, आणि 1909 साली तिचा पाया पक्का झाला. तिथून टप्प्याटप्प्यानं लेव्हल घेत माणसं देशभर गेली.

[दृश्य: शिरपूर तालुक्यातला रुंद केलेला नाला, बंधाऱ्यांची रांग]

शिरपूर पॅटर्न सगळ्यांना ठाऊक आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद झाले, बंधाऱ्यांची मालिका झाली. असं काम करायचं तर बंधारा कुठं बांधायचा, हे लेव्हलला विचारावं लागतं. नाल्याचा तळ शंभर मीटरला अर्धा मीटर उतरत असेल, तर दोन मीटरचा बंधारा पाणी चारशे मीटर मागं नेईल. पुढचा बंधारा त्याआधी घातला तर पैसा वाया, फार लांब घातला तर मधला नाला कोरडा. डोंगरउतारावरच्या सलग समतल चरांचंही तेच. चराची एक बाजू खाली राहिली की सगळं पाणी तिकडं धावतं, बांध फुटतो आणि नवी घळ पडते.

दुर्बीण नसेल तर गवंड्याची पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी छोट्या चरासाठी चालते. तिच्यात हवेचा फुगा मात्र राहता कामा नये. मोबाइलच्या जीपीएसवर पाटाचा उतार काढू नका. त्याची उंची कित्येक मीटर चुकते, आणि आपला प्रश्न तर सेंटिमीटरांचा.

[दृश्य: लेव्हलची वही, पेन्सिलीचे आकडे]

ग्रामपंचायतीला एकच मागणी आहे. जेसीबी लावण्याआधीची ही वही ठेकेदाराकडं जाऊ देऊ नका, दप्तरात ठेवा. काम झाल्यावर, बिल काढण्याआधी, त्याच बेंचमार्कवरून पुन्हा लेव्हल घ्या. आणि दर उन्हाळ्यात नाल्याच्या त्याच ठिकाणी स्टाफ धरा. बेंचमार्कवरून काढलेली तिथली पातळी गेल्या वर्षी 98.235 होती आणि यंदा 98.585 आली, तर तिथं पस्तीस सेंटिमीटर गाळ बसलाय. तो कधी काढायचा, हे मग ग्रामसभेत आकडा समोर ठेवून ठरवता येईल.