लाल पेनाच्या फुल्या

नमस्कार मंडळी. आज वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मावश्यांबद्दल बोलायचंय. आपण फी किती, खोलीला गॅलरी आहे का, जेवण कसं, सगळं विचारतो. पण रात्री मावश्या किती असतात आणि त्यांना कोण कसं वागवतं, हे विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं.

माझी आत्या, रिटायर्ड शिक्षिका, खुब्याचं हाड मोडल्यावर दोन वर्षं पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात होती. झोपून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे तुम्हाला माहितीच आहे. आता रात्री आज्या चौदा आणि मावशी एक, ती काय करणार? पण रजिस्टरमध्ये बारा, दोन, चार, सगळं टकाटक भरलेलं, तेही संध्याकाळीच, एकाच पेनाने. सुपरवायझर म्हणाला, फक्त सही कर. मावशी म्हणाली, मी वळवलंच नाही तर सही कसली करू? आणि तिने ते मला सांगितलं.

झालं. पुढच्या आठवड्यापासून सलग नाइट, सुट्टी बंद. वर हा सुपरवायझर रात्री उगाच पॅन्ट्रीत यायचा, एकटीच आहेस का, चहा टाक ना, असं करत अंगचटीला यायचा. तिने आश्रमाच्या मॅडमना सांगितलं, तर दोन दिवसांत एका आजीची चेन 'गेली' आणि गेटवर सगळ्यांसमोर मावशीची पिशवी उलटी केली. पडलं काय, तर डबा, कंगवा, विक्सची डबी आणि बसचा पास. चेन तिसऱ्या दिवशी उशीच्या अभ्र्यात सापडली, पण तोवर मावशीला कामाला पाठवणाऱ्या एजन्सीचा फोन होऊन गेला होता, उद्यापासून येऊ नका.

हे कळल्यावर आत्याने काय करावं? 'बघू जरा' म्हणून रजिस्टर मागवलं, माझ्याकडून लाल पेन घेतलं आणि वह्या तपासाव्यात तशी ओळीओळीवर फुली. मी मोजल्या, एकोणचाळीस! खाली लिहिलं, 'खोटे. पुन्हा लिहा.' बाहेर तेव्हा कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापणं चालू होतं.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हं. बर्लिनमध्ये ब्रिगिटे हाइनिश नावाची नर्स, वृद्धांच्या केंद्रात होती. माणसं कमी पडतायत, न केलेल्या कामाच्या नोंदी करायला लावतायत, असं तिचं म्हणणं. आधी वरिष्ठांना सांगितलं, मग डिसेंबर 2004 मध्ये फौजदारी तक्रार केली. 2005 मध्ये नोकरी गेली. 2011 मध्ये युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे सहा वर्षं लागली. सहा वर्षं!

आपल्याकडे गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठी 2014 चा कायदा आहे, पण तो सरकारी कारभारापुरता, आणि तोही अजून लागूच झालेला नाही. लैंगिक छळाबाबत मात्र 2013 चा कायदा चालू आहे, एजन्सीतर्फे आलेली बाईसुद्धा त्यात येते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की संस्थेत अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. आणि नोकरीवरून काढीन अशी धमकी, कामात अडथळे आणणं, तेही यात धरतात. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. परत सांगते, तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती अजून तीन महिने वाढवून देऊ शकते.

मावशीला हे कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कळलं ते पुढच्या दिवाळीत, म्हणजे जवळजवळ वर्षाने.