पावसात ‘पडणारा’ आरसीसीबी

बागेतल्या दिव्यांवर बोलायचं म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, हा माणूस येऊन दिव्यांचे नमुने दाखवणार. मी आणलाय तो हा काळा पडलेला जोड. रत्नागिरीजवळच्या एका अंगणातून गेल्या पावसाळ्यात उपटून काढला. दोन तारा पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि मातीत पुरल्या. उन्हाळाभर दिवे झकास लागले.

त्या घराच्या बोर्डात आरसीसीबी होता, म्हणजे करंट कुठे गळला की ‘पडणारा’, वीज तोडणारा स्विच. घरमालक मला सांगत होते, “पाऊस लागला की आरसीसीबी सारखा पडायचा. शेवटी वायरमनने तो बायपास करून दिला. आता कटकट नाही.” ते ऐकून मी आधी चप्पल घातली, मग अंगणात उतरलो.

एमसीबी, म्हणजे वायरीला झेपेल त्याहून जास्त करंट गेला की पडणारा स्विच, वायरिंगला जपतो, माणसाला नाही. 16 अँपिअरच्या एमसीबीला ओल्या मातीतली गळती कळतच नाही. माणूस दगावायला मात्र 100 मिलिअँपिअरसुद्धा पुरतात. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघतो, फरक दिसला की क्षणात तोडतो. तो पावसात पडतो, कारण पाणी जोडात शिरलेलं असतं. म्हणजे तो त्याचं काम करतोय! त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही पडला नाही, तर त्याच दिवशी बदला.

आता तो जोड. दुकानात दिवा आयपी 67 म्हणून घेता, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. पण त्याला वीतभर वायरची शेपटी असते आणि पुढचा जोड आपला वायरमन करतो. त्या जोडाला कुठला आयपी? म्हणून जोड मातीत नकोच. जमिनीपासून फूटभर वर वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्स लावा, केबल खालून ग्लँडमधून, म्हणजे तिच्याभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून, आत घ्या, आणि शिरण्याआधी तिला थोडा झोल द्या. पाणी झोलाच्या तळाशी येऊन टपकतं, आत चढत नाही. खर्च काहीच नाही, तरी दहातल्या नऊ घरांत मला हा झोल दिसत नाही.

माझं ऐकाल तर बागेत 230 व्होल्ट नेऊच नका. आयसोलेटेड 12 किंवा 24 व्होल्टचा ड्रायव्हर, म्हणजे 230 व्होल्ट उतरवून देणारा आणि त्यांचा बागेतल्या तारांशी थेट संबंध न ठेवणारा डबा, पडवीत, कोरड्या जागी बसवा आणि तिथून पुढे कमी व्होल्टेज न्या. फक्त हिशेब करा. 12 व्होल्टवर 60 वॅट म्हणजे 5 अँपिअर. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर 20 मीटर नेली, तर जाऊन-येऊन 40 मीटर होते आणि वाटेतच जवळजवळ अडीच व्होल्ट जातात. टोकाचा दिवा मिणमिणतो, आणि शिव्या दिव्याच्या कंपनीला! तेवढेच वॅट 24 व्होल्टवर घेतले की करंट निम्मा होतो आणि वायरीतली घटही निम्मी.

खांबावरचे 230 चे दिवे आधीच असतील, तर आर्मर्ड, म्हणजे लोखंडी कवचाची, केबल वापरा आणि प्रत्येक लोखंडी खांबाला अर्थिंग द्या. केबल अडीच फूट खोल, वर वाळू आणि विटा, हे पुस्तकात ठीक आहे. आपल्याकडे कुदळ सहा इंचांवर जांभ्याला लागते. तिथे अर्धवट चर खणून केबल पुरण्यापेक्षा ती पाइपातून गडग्याच्या कडेने उघड्यावर न्या. निदान ती कुठून गेलीय ते माड लावणाऱ्या गड्याला दिसेल. जांभ्यात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा.

रंगाचं थोडक्यात: 2700 ते 3000 केल्विन, म्हणजे पिवळसर उजेड. पांढऱ्याफेक उजेडात बाग पेट्रोल पंपासारखी दिसते, आणि किडेही जास्त येतात.

हो, आणि टायमर लावा. मेअखेरीला, पावसाच्या तोंडावर काजवे येतात. नर-मादी एकमेकांना लुकलुकून शोधतात, आपल्या उजेडात त्यांना ते जमत नाही. तेवढे पंधरा-वीस दिवस आमच्या बागेचा स्विच बंद असतो. पाहुणे विचारतात, “लाइट गेलेत का हो?”