मागापाशी उभा पाय

(आधी फक्त कारखान्याचा आवाज. मग हळूहळू माग दिसायला लागतात.)

हा आवाज ज्यांना नवीन आहे त्यांनी व्हॉल्यूम जरा कमी करा, आम्हा सोलापूरकरांना याच्यात झोप लागते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना आहे हा, आणि दोन मागांच्या मधे उभा आहे तो माझा मामा. वय ६२, त्यातली ३८ वर्षं मागावर. शिफ्ट १२ तासांची, बसायचं म्हणजे चहाला आणि डब्याला, बाकी उभंच. धागा तुटला जोड, कांडी संपली बदल, दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं. चालणं म्हणावं असं चालणं नाहीच ते.

आता कॅमेरा खाली. डावा पाय, घोट्याची आतली बाजू. ती पट्टी दिसतीय ना, आजचा सगळा व्हिडिओ तिच्यावर आणि तिच्याखालच्या न भरणाऱ्या जखमेवर आहे.

सुरुवात अगदी फालतू गोष्टीनं झाली, मागाच्या लोखंडी पट्टीचा कोपरा लागला, खरचटलं, एवढंच. आठवड्यात खपली धरायला पाहिजे होती ती धरली नाही. रुपयाएवढी जखम झाली, मग वाटीच्या तोंडाएवढी, आणि अशी अडीच वर्षं गेली. या अडीच वर्षांत तिच्यावर काय काय लावलं याची यादी मामीनं सांगितली तेव्हा मी रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं म्हणून बरं. हळद, काळं मलम, तांबडं औषध, मेडिकलवाल्यानं दिलेली पिवळी पावडर, फेस येणारं पाणी, मधेच कुणाच्या तरी सांगण्यावरनं मध. फेस आला की माणसाला वाटतं घाण निघतीय, पण त्या फेसात नवीन उगवणारी कातडीपण जळते हे कुणी सांगत नाही. काही मलमांत निओमायसिन नावाचं अँटिबायोटिक असतं, अशा जुन्या जखमांच्या पेशंटना त्याची ॲलर्जी बऱ्याचदा होते, मामाचंही तेच झालं, जखमेभोवती खाज, पुरळ, पाणी, आणि घरातल्यांना वाटलं जखम पसरली म्हणून आणखी जास्त लावलं.

प्रत्येकजण जखमेवर काय लावायचं ते सांगत होता. पाय कुणी बघितला नाही.

(मामाचा पाय, पट्टी सोडलेली. जखमेवर रेंगाळायचं नाही, आजूबाजूची कातडी दाखवायची.)

हे बघा. घोट्याच्या वर कातडी तपकिरी पडलीय, कडक झालीय, वर पोटरी जाड आणि खाली एकदम बारीक, बाटली उलटी धरल्यासारखी. आणि गुडघ्याच्या मागनं खाली येणाऱ्या या वेड्यावाकड्या फुगलेल्या शिरा. व्हेरिकोज व्हेन्स. मामा म्हणतो, "या तर वीस वर्षांपासून हायत की, दुखत नव्हत्या म्हणून काय केलं नाय."

यामागचं गणित विहिरीच्या मोटारीसारखं आहे. हृदयाकडनं रक्त खाली येतं ते सोपं, वर चढवायचं अवघड. ते काम पोटरीचा स्नायू करतो, तुम्ही चालता तेव्हा पोटरी आवळते आणि शिरेतलं रक्त वर ढकलते, आणि शिरांमधे झडपा असतात त्या ते परत खाली येऊ देत नाहीत. म्हणजे पोटरी ही मोटर आणि झडप हा फूटव्हॉल्व्ह. फूटव्हॉल्व्ह गेला की काय होतं ते शेतीवाल्या घरात सांगायला नको, मोटर घरघरते आणि पाणी आहे तिथंच. नुसतं उभं राहिलं तर घोट्यापाशी शिरेतलं प्रेशर साधारण ९० मिलिमीटर असतं (बीपी मोजतात तेच, पाऱ्याचे मिलिमीटर), चालायला लागलं की निरोगी पायात ते ३०च्या आसपास उतरतं. झडपा गेलेल्या पायात ते उतरतच नाही, माणूस चालला तरी. मग शिरेतनं पाणी झिरपतं, पाय सुजतो, लाल पेशी बाहेर पडतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं, तो तपकिरी रंग त्याचाच. अशा कातडीला कोपरा लागायचं निमित्त पुरतं.

आणि हे फक्त मागवाल्यांचं नाही बरं का. बंदोबस्तातला हवालदार, हॉटेलातला आचारी, सलूनवाला, चार बाळंतपणं झालेल्या बायका, वजन जास्त असलेले, पायात आधी कधी रक्ताची गुठळी झालेले. विडी वळणाऱ्या बायकांचं मला आधी लक्षातच आलं नव्हतं, त्या तर बसूनच असतात ना? पण मांडी घालून तासन् तास बसलं तरी पोटरीची मोटर बंदच की.

(दवाखान्याची ओपीडी. बाक. बादलीचा आवाज.)

शेवटी जिथं पाय बघितला गेला तिथं पहिल्या दिवशी मलम दिलंच नाही. सिस्टरनी मामाला झोपवलं आणि पेनासारखं एक मशीन पायाला लावलं, डॉपलर, त्यातनं वाहणाऱ्या रक्ताचा शू... शू... असा आवाज येतो. घोट्याचं बीपी आणि हाताचं बीपी मोजायचं आणि भागायचं. मामाचं घोट्याला १३२, हाताला १४०, म्हणजे ०.९४. हा आकडा ०.८च्या वर असेल तर पाय घट्ट बांधता येतो. खाली आला तर जपून, आणि ०.५च्याही खाली असेल तर पायाला रक्तच पोचत नाहीय, त्याला घट्ट बांधलं तर पाय जाऊ शकतो. शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात त्यामुळं त्यांचा आकडा खोटाच चांगला येतो, तिथं आणखी तपासण्या लागतात. हे मी मुद्दाम सावकाश सांगतोय, कारण हा व्हिडिओ बघून कुणी घरी आजोबांचा पाय करकचून बांधू नये.

मग ड्रेसिंग. मला वाटलं होतं काहीतरी भारी निघणार कपाटातनं. सिस्टरनी बादलीत प्लास्टिकची पिशवी घातली, कोमट पाणी ओतलं, "मामा, पाय सोडा यात." नळाचं स्वच्छ पाणी. पाय धुतला, जुनी सालपटं निघाली, बाजूच्या कोरड्या कातडीला व्हॅसलिन, ओलसर कडांना झिंकची पेस्ट. जखमेवर पॅराफिनची जाळी, चिकटू नये म्हणून, वर पाणी शोषणारं पॅड. झालं.

मी विचारलं, एवढंच? महागातलं काही नको? सिस्टर हसल्या. "पाणी लै सुटत असलं तर फोम लावतो, नाहीतर समुद्री शेवाळापासनं बनवतात ते अल्जिनेट. पण लावलं म्हणून भरत नाय ओ ते, पट्टीनं भरतंय."

मी घरी येऊन वाचलं, बाई खरं बोलत होत्या. चांदीवाल्या ड्रेसिंगची ब्रिटनमधे २१३ पेशंटवर चाचणी झाली, साध्या ड्रेसिंगपेक्षा जखम भरण्यात फरक नाही. मधाच्या ड्रेसिंगची न्यूझीलंडमधे ३६८ जणांवर, तिथंही ठोस फरक नाही, उलट दुखण्याच्या तक्रारी जास्त. जखम उघडी ठेवून वाळवायची हा आपल्या घराघरातला नियम, तो तर १९६२ सालीच मोडलाय, जॉर्ज विंटरनं डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली जखम साधारण दुप्पट वेगानं कातडी धरते. म्हणजे ड्रेसिंग पाहिजेच, ओल राखायला, पाणी शोषायला, पट्टी बदलताना नवीन कातडी उपटून येऊ नये म्हणून. पण ड्रेसिंग हे पाहुण्याला पाणी दिल्यासारखं आहे, जेवण अजून व्हायचंय.

(बँडेजचा रोल उलगडतोय. जवळून.)

जेवण हे. आधी कापसाचा मऊ रोल, हाडं टोचू नयेत म्हणून. मग क्रेप. मग इलास्टिक. मग स्वतःलाच चिकटणारा शेवटचा थर. चार थरांची ही पद्धत लंडनच्या चॅरिंग क्रॉस हॉस्पिटलातली, १९८०च्या दशकातली. बोटांच्या मुळापासनं सुरू, टाच झाकायची, पाऊल काटकोनात, गुडघ्याच्या जरा खाली थांबायचं. इलास्टिकचा थर निम्मा ताणायचा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा.

आणि इथं मामा, जो इतका वेळ छताकडं बघत पडला होता, एकदम उठून बसला. म्हणाला, "सिस्टर, वर जाताना ताण कमी करताय का?" नाही म्हणाल्या, ताण सगळीकडं एकच ठेवायचा. मामाचा जीव रमला, ताण हा त्याचा विषय. गंमत अशी की ताण एकसारखा ठेवला तरी बारीक घोट्यावर दाब जास्त पडतो आणि जाड पोटरीवर आपोआप कमी, म्हणजे रक्त वरच ढकललं जातं. घोट्याला साधारण ४० मिलिमीटर दाब पाहिजे. झडपा करत नाहीत ते काम मग पट्टी आणि पोटरी मिळून करतात, पण चाललं तरच. त्यामुळं पट्टी बांधून पलंगावर पडून राहायचं नाही, चालायचं, आणि बसलं की पाय वर, छातीच्या पातळीच्या वर. मामीनं पलंगाच्या पायथ्याला दोन विटा लावल्या आणि पायाखाली कारखान्यातले डागी टॉवेल गुंडाळून ठेवले, त्याची कमी नाही आमच्याकडं.

आता हे सगळं ऐकायला सोपं, सोलापुरात एप्रिल-मे मधे करून दाखवा. बाहेर ४२, आत माग तापलेले, पायात चार थर. मामा पहिल्या महिन्यात दोनदा पट्टी सोडून बसला. एकदा तर खाज सुटली म्हणून पट्टीत फुटपट्टी घालून खाजवत होता, सिस्टरना ओरखडा दिसला. "मामा, हे काय ओ?" मामा गप्प. "नवीन जखम पायजे का तुमाला?" त्यानंतर फुटपट्टी मामीनं कपाटात ठेवली. सुरुवातीला पाणी इतकं सुटायचं की पट्टी आठवड्यातनं दोनदा बदलायला लागायची, एक दिवसाची हजेरी बुडायची, ते पैसे कुठल्याच बिलात दिसत नाहीत. वासामुळं मामा दोन वर्षं कुणाच्या लग्नात जेवायला बसला नव्हता. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ६८ लिंगांच्या मार्गावर नंदीध्वजांमागं चालायचा तो माणूस, घराच्या गच्चीवरनं हात जोडायचा.

अँटिबायोटिकचंही सांगतो. जुन्या जखमेतला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना, तपासायला पाठवला की जंतू निघणारच, ते तिथं राहायलाच आलेले असतात. लाली पसरतीय, ताप आहे, दुखणं अचानक वाढलंय, तर गोळ्या पाहिजेत, नाहीतर नाही. आणि कडा उचलल्यासारख्या, फुलकोबीसारख्या दिसायला लागल्या किंवा महिनोन् महिने बांधूनही जखम हलली नाही तर तुकडा तपासायला द्यायचाच, फार जुन्या जखमेत क्वचित कॅन्सर होतो.

मामाची जखम पाच महिन्यांत भरली. कडेनं गुलाबी कातडी आत सरकत यायची, मी दर पंधरवड्याला शूट केलंय, ते आत्ता दाखवतो. मग लेझरनं खराब शीर बंद केली. ती आधीच का नाही केली असं मी डॉक्टरांना विचारलं, आणि विचारायला कारण होतं. ब्रिटनमधेच ४५० पेशंटवर २०१८ साली आलेला अभ्यास आहे, पट्टीबरोबर शीर लवकर बंद केली त्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, नंतर केली त्यांची ८२ दिवसांत. डॉक्टर म्हणाले, तुम्ही अडीच वर्षं उशिरा आलात, मामा पहिल्या दिवशी लेझरला तयार होता का? नव्हता. घाबरत होता.

(पहाट. मामाचं घर. बाहेर पाण्याचे हंडे लागलेत.)

आता स्टॉकिंग. घट्ट मोजे, सकाळी उठल्यावर घालायचे, रात्री काढायचे, कायमचे, नाहीतर जखम परत येते. साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण जातो, नवीन घ्यायचे. मामा संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर दुकानात गेला तर दुकानदारानं माप घेतलंच नाही, म्हणाला आत्ता पाय सुजलेला आहे, सकाळचं माप आणा.

म्हणून हे पहाटे साडेपाचचं शूट. मामा अजून पलंगावरनं खाली उतरलेला नाही, मामी टेप धरून बसलीय. घोटा २३. पोटरी ३६. मामा म्हणतो, "परत घे, टेप तिरकी धरलीस." ती परत घेते. ३५ आणि अर्धा. उजव्या पायाचंही घे म्हणतो मी, कारण त्या घोट्यालाही जरासा तपकिरी रंग आलाय, मला तो आज कॅमेऱ्यातनं पहिल्यांदा दिसला.