दोन दातांच्या मधलं कोण घासणार?

मागे आवाज येतोय ना? हां. तर आधी एक गंमत करू. ताई, तुम्ही जरा पुढे या, डाव्या हाताची बोटं घट्ट जुळवा, मी त्यावर ही हिरवी चटणी लावतो, हो हो जेवणातलीच मागून घेतलीय, आता हा ब्रश घ्या आणि वरून घासा. पुढून घासा, मागून घासा. छान, सगळं स्वच्छ. आता बोटं फाकवा. बघा, मधे चटणी तशीच आहे! तुमच्या तोंडात रोज हेच चाललेलं असतं.

दाताला बाजू पाच. एक ओठाकडची, एक जिभेकडची, एक चावायची आणि दोन शेजाऱ्यांना चिकटलेल्या. ब्रश पहिल्या तीन ठिकाणी पोचतो, उरलेल्या दोन ठिकाणी त्याचे केस शिरतच नाहीत, आणि मग पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या म्हणतो, डॉक्टर मी तर दोनदा घासतो, तरी कीड लागलीच कशी? मी हसत नाही, कारण माझं स्वतःचं तेच झालंय. कॉलेजात आम्ही मुलं एकमेकांचे एक्स-रे काढून शिकत होतो, माझा काढला तर दोन दाढांच्या मधे काळा डाग, बाहेरून दाढ एकदम चकाचक, सगळा वर्ग हसतोय आणि मी डेंटिस्ट व्हायला निघालोय. त्या दिवसापासून मी फ्लॉस करायला लागलो, म्हणजे दोन दातांच्या मधे बारीक दोरा घालून साफ करायला लागलो.

आता फ्लॉस म्हटलं की लोकांना वाटतं हे काहीतरी नवीन फॅड आहे. अहो, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला पार्मली नावाचे दातांचे डॉक्टर होते, ते १८१५ च्या सुमाराला पेशंटला रेशमाचा दोरा वापरायला सांगायचे. म्हणजे २०० वर्षं झाली. आपण मात्र अजून सेफ्टी पिनने मेथी काढतोय! पिन नको, काडीपेटीतली काडी नको, शिवणाचा दोरा पण नको, तो मधेच तुटतो आणि हिरडी कापतो.

फ्लॉस साधारण दीड फूट घ्यायचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत धरा. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, मधे इंच-दीड इंच ताणलेला ठेवायचा आणि करवत चालवल्यासारखा हळूहळू सरकवत फटीत न्यायचा, खटकन दाबलात तर हिरडीला लागणार. आत गेला की त्याने एका दाताला मिठी मारायची, हिरडीच्या किंचित खालपर्यंत, दोन-तीनदा वर-खाली. मग शेजारच्या दाताला मिठी. दुसऱ्या फटीला दोऱ्याचा नवा भाग घ्या, नाहीतर इकडची घाण तिकडे. ज्यांच्या फटी मोठ्या झाल्यात त्यांच्यासाठी इंटरडेंटल ब्रश मिळतो, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लूच समजा. पहिले चार दिवस वैताग येईल, बोटं तोंडात मावत नाहीत, आरशासमोर अवतार होतो, होऊ दे.

आणि रक्त आलं की लोक लगेच बंद करतात. अहो, तिथे थर साचलाय म्हणून हिरडी सुजलीय आणि सुजलीय म्हणून रक्त येतंय, तुम्ही साफ करायचं सोडलंत तर तो थर कडक होऊन त्याचं किटण होणार, मग ते ब्रशने निघत नाही, आम्हालाच मशीनने काढावं लागतं. हलक्या हाताने चालू ठेवा, बहुतेकांचं आठवडा-दोन आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर दाखवून घ्या, आणि शुगर असेल तर आधीच दाखवा, कारण शुगर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या शुगर वाढवतात.

ब्रशचं थोडक्यात सांगतो. सॉफ्ट घ्या. हिरडी आणि दात जुळतात तिथे तिरका धरा, ४५ अंश म्हणतात, आणि छोटे छोटे हेलकावे द्या, कढई घासल्यासारखं आडवं रगडू नका. रगडून रगडून दाताच्या मुळाशी खाच पडते आणि गार पाणी लागलं की कळ थेट डोक्यात. महिन्याभरात ब्रशचे केस झाडूसारखे फिस्कारले तर समजा जोर जास्त होतोय. वेळ दोन मिनिटं. पेस्ट फ्लोराइडवाली, मोठ्यांना वाटाण्याएवढी पुरते, जाहिरातीत दाखवतात तशी लांबलचक पट्टी लागत नाही, तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तर तांदळाच्या दाण्याएवढीच. फेस थुंका पण लगेच खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड जरा राहू द्या की दातावर. आणि रात्रीचं चुकवू नका, झोपेत लाळ कमी सुटते, दात धुवायला रात्रभर कोणीच नसतं.

मशेरीबद्दल बोलू का? मागच्या रांगेतल्या मावश्या खाली बघायला लागल्या म्हणून विचारतो. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. मंजनात आणि टूथपेस्टमधे तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कोण नजर ठेवणार? मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं मला दर आठवड्याला कोणीतरी सांगतं. मावशी, ती निकोटिनची तलफ आहे. आणि गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, तोंड कमी उघडायला लागलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका, कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही.

काय म्हणालात काका? कवळी आहे, मग तुम्हाला काय? तुम्हाला पण काम आहे. रात्री काढायची, मऊ ब्रशने साबण लावून धुवायची, पेस्टने चरे पडतात, आणि झाकणाच्या डब्यात पाण्यात ठेवायची. झाकण लावाच. माझ्या एका पेशंटची कवळी कुत्र्याने पळवली होती, आजोबा दोन आठवडे पेजेवर होते.