फूल पांढरं, तेल निळं

हे बघा, सुगंधी तेल (इसेन्शियल ऑइल) काढायला घेतलेली कॅमोमाईलची फुलं. पाकळ्या पांढऱ्या, मधला गोंडा पिवळा, निळ्याचा कुठे पत्ताच नाही. आता भांड्यात खालून वाफ सोडलीय, जरा थांबा... नळीतून काय टपकतंय बघा. शाईसारखं निळं तेल! रंगबिंग कोणी घातलेला नाही. फुलात मॅट्रिसिन नावाचं बिनरंगाचं द्रव्य असतं, वाफेच्या उष्णतेनं ते तुटतं आणि त्यातून होतं कॅमाझुलिन, ते निळं. म्हणजे बाटलीतलं तेल जसंच्या तसं फुलात नव्हतंच, त्यातलं काही या भांड्यात तयार झालं, आणि 'जसं फुलात तसं बाटलीत' असं लेबल लावणाऱ्यांनी हा शॉट दोनदा बघावा.

आता ही गंमत. लिंबाच्या सालीतलं लिमोनिन उकळतं 176 अंश सेल्सिअसला, मग पाण्याच्या वाफेबरोबर येतं कसं? तर तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोघांच्या वाफेच्या दाबाची बेरीज होते आणि सगळं मिळून 100 अंशाच्या जरा खालीच उकळायला लागतं. पुढे कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीत, गार झालं की दोघं परत वेगळे, तेल वर, पाणी खाली. लवंगेचं मात्र उलटं, तिचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाला जातं.

मायक्रोस्कोपखाली पुदिन्याचं पान. हे चकचकीत फुगे दिसतायत ना, त्या तेलाच्या ग्रंथी. झाड हे तेल आपल्या डिफ्यूझरसाठी, म्हणजे खोलीत सुगंध पसरवणाऱ्या यंत्रासाठी, बनवत नाही, पान कुरतडणारे किडे आणि बुरशी यांच्याशी त्याचं भांडण आहे. तेलातली बरीच द्रव्यं टर्पीन कुळातली, त्यांचा कच्चा माल 5 कार्बन अणूंचे तुकडे, दोन जोडले की मोनोटर्पीन, तीन जोडले की सेस्क्विटर्पीन. या कुळाची रचना उलगडणाऱ्यांमध्ये रसायनशास्त्रज्ञ ओटो वालाख यांचं नाव मोठं, 1910 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना मिळालं.

ही डिश जीवाणूंची, मधल्या चकतीवर थायम या सुगंधी वनस्पतीचं तेल, आणि भोवतीचा मोकळा गोल बघा, तिथे काहीच वाढलेलं नाही. त्या तेलातली थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही द्रव्यं जीवाणूच्या पेशीच्या पडद्यात घुसतात, पडदा गळायला लागतो आणि आतलं बाहेर येतं. डिशमध्ये जमलं ते शरीरात जमेलच असं नाही, शुद्ध तेल थेट त्वचेवर लावलं तर भाजल्यासारखं होऊ शकतं, निलगिरीचं पोटात गेलं तर विषबाधा होते, लहान मुलांपासून लांबच ठेवा.

आणि हो, बाटल्या गडद काचेच्या का? उजेड आणि हवा लागली की लिमोनिनसारखी द्रव्यं ऑक्सिडाइज होतात, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन बिघडतात, आणि त्वचेला अ‍ॅलर्जी येते ती बरेचदा या बिघडलेल्या तेलानं, म्हणून बाटली भरताना वर फार मोकळी जागा ठेवत नाहीत.